धडपडणारा दिग्दर्शक खुनी होतो, तेव्हा कॅमेरा कोणाच्या हातात असतो?

मासुंदाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज मदत मागायला धागा काढतोय.

आम्ही चौघं ठाण्याचे. दोघं पाचपाखाडीत, एक कोलशेतला, मी चरईत. नोकऱ्या सांभाळून शनिवार-रविवारी बसतो. गेलं दीड वर्ष एक पटकथा लिहितोय. ४० मिनिटांची मॉक्युमेंटरी, म्हणजे माहितीपटाच्या रूपात सांगितलेली काल्पनिक गोष्ट. विनोद काळा आहे आणि शेवटाकडे माणसाच्या पोटात गोळा यावा अशी मनापासून इच्छा आहे.

गोष्ट अशी. ३८ वर्षांचा एक दिग्दर्शक. ११ वर्षं सहायक म्हणून राबलेला. स्वतःचा एकच सिनेमा, तोही अर्धवट, हार्ड डिस्कवर पडून आहे. घरी तो आणि आई. फिल्म शिकणारी दोन पोरं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याच्यावर डॉक्युमेंटरी करायला येतात. एक कॅमेऱ्यावर, एक साउंडवर. दोन वर्षं 'पैसे लावतो' म्हणून झुलवणारा फायनान्सर एका दुपारी घरी जेवायला येतो आणि हात वर करतो. झटापट होते, फायनान्सर मरतो. कॅमेरा सुरूच असतो. रात्री दिग्दर्शक ते फुटेज पाहतो आणि त्याला कळतं, आपण आजवर घेतलेला हा सगळ्यात चांगला शॉट आहे. मग तो कामालाच लागतो. लोकेशन बघतो, उजेड बघतो, माणूस निवडतो. तारखा काढतो.

गेल्या रविवारी कोलशेतच्या मित्राच्या घरी १२ जणांसमोर वाचन केलं. पहिली १८ पानं लोक खळखळून हसत होते. मग फायनान्सर पडला आणि हसू गेलं. भीतीही आली नाही. नुसती शांतता. कोणी मोबाइल बघायला लागलं. शेवटी मित्राच्या मावशीने विचारलं, "अरे, पण ती दोन पोरं पोलिसांना फोन का करत नाहीत?"

आम्ही म्हणालो, घाबरली असतील.

मावशी म्हणाली, "मग कॅमेरा कसा हलत नाहीये?"

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, अजून नाही. या प्रकारातलं ज्यांनी पाहिलंय, केलंय, लिहिलंय त्यांनी कृपया सांगा.

---

तिसरी घंटा

मावशींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी चूक दाखवली असं समजू नका, त्यांनी तुम्हाला सिनेमाचा विषय काढून दिलाय. तुम्ही खुन्याची गोष्ट लिहिताय, पण बघणाऱ्याला खरी काळजी त्या दोन पोरांची आहे.

या जातकुळीतला सगळ्यांत थेट सिनेमा बेल्जियमचा, 'मॅन बाइट्स डॉग', १९९२. कृष्णधवल, अगदी तुटपुंज्या पैशांत केलेला. रेमी बेल्व्हो, आंद्रे बोंझेल आणि बन्वा पोलवूर्द या तिघांनी मिळून केला आणि पडद्यावरही तिघं आपापल्याच नावांनी वावरतात. पोलवूर्द खुनी, बेल्व्हो माहितीपटाचा दिग्दर्शक, बोंझेल कॅमेरामन. खुन्याचे आई आणि आजी-आजोबा म्हणून जी माणसं दिसतात ती पोलवूर्दच्या खऱ्या घरची.

आता त्यात काय केलंय बघा. ही माणसं एका दिवसात साथीदार होत नाहीत. आधी नुसतं चित्रण. मग लाइट धरणं, मग प्रेत उचलायला हात लावणं. युनिटचे पैसे संपतात तेव्हा खुनीच म्हणतो, मी घालतो पैसे. साउंडवाले मरतात, आणि दिग्दर्शक कॅमेऱ्यासमोर दुःख व्यक्त करून शूटिंग पुढे नेतो. प्रेक्षक हसत हसत एकेक पायरी उतरत जातो आणि एका प्रसंगाला अचानक त्याला आपल्याच हसण्याची लाज वाटते. तो प्रसंग मी इथे लिहीत नाही. पाहायचा तर एकट्याने पाहा, घरच्यांबरोबर नको.

तुमच्याकडे ती उतरंड नाहीये. १८व्या पानापर्यंत पोरं निष्पाप आणि १९व्या पानावर एकदम सामील. मधल्या पायऱ्या लिहा.

---

रीळ नंबर सात

घंटाकाकांशी सहमत. आणखी मागे जायचं तर मायकेल पॉवेलचा १९६०चा 'पीपिंग टॉम'. मॉक्युमेंटरी नाही, सरळ कथापट, पण कॅमेरा आणि खून यांची गाठ इतकी घट्ट कोणी मारली असेल असं मला वाटत नाही. नायक स्टुडिओत फोकस पुलर. ट्रायपॉडच्या पायात पातं लपवलेलं आणि कॅमेऱ्याला आरसा, म्हणजे मरणाऱ्या बाईला स्वतःची भीती दिसावी. इंग्लंडमधल्या समीक्षकांनी त्या सिनेमाची अशी काही सालटी काढली की पॉवेलसारख्या नावाजलेल्या दिग्दर्शकाची तिथली कारकीर्द जवळजवळ बसली. आज तो सिनेमा अभ्यासाला असतो.

मला त्यात खून आठवत नाहीत. फोकस आठवतो. फोकस पुलरचं काम काय, तर माणूस हलला की त्याच्याबरोबर रिंग फिरवून तो स्पष्ट ठेवायचा. समोर काहीही होत असलं तरी हाताला ती सवय असते. मावशींना सांगा, कॅमेरा हलत नाही कारण हात शिकलेला असतो. मी लग्नाच्या शूटिंगला फोकस धरायचो. वधूचे वडील चक्कर येऊन कोसळले, आणि माझा हात त्यांच्याबरोबर खाली गेला. पडेपर्यंत ते फोकसमध्ये होते. त्यांना काही झालं नाही, साखर उतरली होती. पण ते फुटेज पाहिलं आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

---

कळवा कारशेड

+१. वरचा शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा पटकथेत घाला, रीळदादांची परवानगी असेल तर.

---

बूमवाला

मी साउंड करतो, १४ वर्षं झाली. म्हणून माझं म्हणणं थोडं लांबण लागेल, माफ करा.

तुम्ही चौघंही कॅमेऱ्याबद्दल बोलताय. मॉक्युमेंटरीत सगळ्यात आधी ज्याला कळतं तो कॅमेरामन नसतो, साउंडवाला असतो. कारण लेपल.

माणसाच्या सदऱ्याला लेपल माइक लावला, पाठीमागे कमरेला ट्रान्समीटर अडकवला की तो ते विसरतो. पाच मिनिटं आठवण असते, बटणाशी चाळा करतो. मग चहा येतो आणि विसरतो. नंतर तो उठून आत जातो, बाथरूमला जातो, बाल्कनीत जाऊन फोन करतो. कॅमेरा हॉलमध्येच असतो. माझ्या कानात मात्र तो माणूस चालत असतो. श्वास ऐकू येतो. दाराची कडी ऐकू येते.

नौपाड्यात एका गृहस्थांची मुलाखत होती. सज्जन माणूस, छान बोलले. ब्रेकमध्ये आत गेले आणि बायकोशी पैशांवरून बोलायला लागले. घर गहाण होतं, ते तिला तेव्हा पहिल्यांदा सांगत होते. हेडफोन काढायला हवा होता. नियम नाही, पण आमच्यात तसं पाळतात. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली घ्यायचा आणि दुसरीकडे बघायचं. मी अर्धा मिनिट काढला नाही. अर्धा मिनिट फार असतो. मग ते बाहेर आले, खुर्चीत बसले, कॉलर नीट केली आणि मला विचारलं, "आवाज नीट येतोय ना?"

मी म्हणालो, हो, एकदम क्लीन.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तुमचा पहिला खून दाखवू नका. फायनान्सर आणि दिग्दर्शक आत जातात, कॅमेरा हॉलमध्ये राहतो, आणि आपल्याला फक्त साउंडवाल्या पोराचा चेहरा दिसतो. तो ऐकतोय. कॅमेरावाल्याला अजून पत्ता नाही, तो वाकून लेन्स पुसतोय. मग दिग्दर्शक बाहेर येऊन हेच वाक्य म्हणतो. पोरगा 'हो' म्हणाला की तो सामील झाला. फोन न करण्याचं कारण मग वेगळं द्यावं लागत नाही.

शिवाय खर्च शून्य.

---

मासुंदाकाठ

बूमवाला दादा, हे वाचून आम्हा चौघांच्या ग्रुपवर अर्धा तास कोणी काही लिहिलंच नाही. तुमची परवानगी असेल तर हे घेतो. श्रेयनामावलीत तुम्ही सांगाल ते नाव.

---

बूमवाला

घ्या. नाव नको.

---

खाडीपलीकडे

मी वाशीहून. सगळे प्रतिसाद वाचले, चर्चा छान आहे, पण मला एक टोचतंय आणि ते बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षं असिस्टंट होता. सकाळी पाचला घरातून निघायचा, कॉल टाइम सातचा. रात्री शेवटची लोकल मिळाली तर मिळाली. एका निर्मात्याने त्याचे चार महिन्यांचे पैसे बुडवले, 'सिनेमा लागला की देतो' म्हणून. सिनेमा लागला, उतरला, पैसे नाहीत. आई त्याचा डबा रोज भरायची आणि तो सेटवर जेवतोय असं सांगून परत आणायचा. नंतर कळलं, सेटवर जेवायला वेळच मिळत नसे. आता तो पनवेलला एका ऑफिसात आहे, बरा आहे. सिनेमाबद्दल बोलत नाही.

तेव्हा तुमच्या 'धडपडणाऱ्या दिग्दर्शका'वर लोक पहिली १८ पानं खळखळून हसतात हे वाचून मला वाईट वाटलं. कशावर हसतात? त्याच्याकडे पैसे नाहीत यावर? त्याचा सिनेमा अडकलाय यावर?

आणि दुसरं. आपण दादासाहेब फाळक्यांची गोष्ट मुलांना कशी सांगतो? विम्याची पॉलिसी गहाण टाकली. लंडनला गेले, कॅमेरा आणला. कुंडीत वाटाणा पेरून तो उगवताना एकेक फ्रेम करत महिनाभर टिपला आणि ती एवढीशी फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्याच बाईंनी सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला, वर फिल्मचं कामही शिकल्या. अतिश्रमाने फाळक्यांची दृष्टी मध्यंतरी गेली होती. १९१३ला सिनेमा लागला आणि आपण म्हणतो, अशी जिद्द हवी. मीही म्हणते. भावाला मीच सांगायचे.

पण समजा तो सिनेमा लागलाच नसता तर? मग दागिन्यांची गोष्ट आपण कशी सांगितली असती? तुमचा दिग्दर्शक हेच ऐकत मोठा झालाय ना, की सिनेमासाठी घरातलं काहीही दिलं तरी चालतं? मग तो 'काहीही'ची यादी वाढवत नेतो. भीती तिथे आहे. त्याला वेडा किंवा बावळट करू नका, एवढंच मागणं आहे.

---

तिसरी घंटा

खाडीपलीकडे ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'काहीही'ची यादी हा शब्दप्रयोग पटकथेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा असा आहे.

---

मासुंदाकाठ

ताई, तुमचं बरोबर आहे. काल रात्री पुन्हा १८ पानं काढली आणि प्रत्येक हशाशेजारी पेन्सिलीने लिहिलं, कोणावर. निम्म्याहून जास्त ठिकाणी 'त्याच्या गरिबीवर' असं निघालं. तुटकी चप्पल, उसना कॅमेरा, चहाचे पैसे नाहीत. ते सगळं काढतोय.

जे ठेवतोय ते असं: फायनान्सर दर भेटीत सिनेमाचं नाव चुकीचं घेतो. अनुदानासाठी 'अ' दर्जा मिळेल की 'ब' यावर तो आणि आई जेवताना गंभीरपणे बोलतात, आणि सिनेमाचा क्लायमॅक्स अजून शूटच झालेला नाही. आईला तो कुठल्या कामात आहे हे कळतं, किती अडकलाय ते कळत नाही. यावर हसू येतं, पण त्याच्याबद्दल माया सुटत नाही.

---

ठाणे पूर्व

मला एकूणच पटत नाहीये. रोज पेपर उघडला की खून. ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा यात विनोद काय आहे. कला वगैरे ठीक, पण रक्त बघून हसायचं हे आपल्या घरात बसवून शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

---

रीळ नंबर सात

ठाणे पूर्व, तुमची तक्रार मी उडवून लावणार नाही. या प्रकाराच्या इतिहासात तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

१९८०चा इटालियन सिनेमा, 'कॅनिबल होलोकॉस्ट'. जंगलात गेलेलं माहितीपटाचं युनिट परत येत नाही, सापडतात ती फक्त त्यांची रिळं, अशी रचना. 'सापडलेलं फुटेज' या प्रकाराचं मूळ बरेच जण तिथे धरतात. लोकांना ते इतकं खरं वाटलं की दिग्दर्शक रुजेरो देओदातोवर कलाकारांना खरंच मारल्याचा संशय आला आणि ती माणसं जिवंत असल्याचं त्याला सिद्ध करून द्यावं लागलं. माणसं जिवंत होती. पण त्या सिनेमासाठी कॅमेऱ्यासमोर खरे प्राणी मारले होते. कासव, माकड, आणखीही. मी तो अर्धवट सोडला तो तिथेच.

म्हणून मला वाटतं, मर्यादा विषयात शोधू नये, सेटवर शोधावी. मासुंदाकाठ यांच्या गोष्टीतला दिग्दर्शक ती ओलांडतो, ते स्वतः ओलांडत नाहीत. उलट ती कशी ओलांडली जाते हेच दाखवायचंय त्यांना. सिनेमागृहात दाखवायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल, आणि २०२४च्या नियमांपासून यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा, या वर्गातही ७, १३ आणि १६ वर्षं अशा पायऱ्या आहेत. यांनी सरळ 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, मागावं. मुलांसमोर नको, यावर तुमचं-माझं एकमत आहे.

---

ठाणे पूर्व

'ए' मागणार असतील तर माझा विरोध थोडा कमी. बाकी मत कायम.

---

अंगण सामायिक

लोकेशन ठरलंय का? बेलापूरला सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट व्हिलेज बघून जा. मी तिथेच वाढले.

सिडकोसाठी चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात आखलेली वसाहत. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अंगण साधारण ८ बाय ८ मीटर. अशी तीन अंगणं मिळून एक मोठं. दोन घरांची भिंत कुठेच एक नाही, म्हणजे ज्याला त्याला आपलं घर पुढे वाढवता यावं. आता बरीच घरं पाडून मजले चढलेत, पण काही जुनी उतरत्या कौलांची अजून आहेत.

तिथे राहणाऱ्याला एक गोष्ट लहानपणीच कळते. अंगणातलं सगळं सगळ्यांना ऐकू जातं. कोणाची भाजी करपली, कोणाचा निकाल लागला, कोण रडतंय. लपवायचं म्हटलं तर जमत नाही.

मावशींच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मला इथे दिसतो. पोरांनी फोन केला नाही, ठीक. शेजाऱ्यांनी का नाही केला? तर ११ वर्षं तो माणूस अंगणात तालमी घेतोय. किंकाळ्या, भांडणं, 'वाचवा वाचवा', मग 'कट', मग 'अजून एकदा घेऊ'. पहिल्या वर्षी सगळे धावत आले असतील. तिसऱ्या वर्षी एखादा. आता समोरच्या काकू खिडकीतून बघतात, हसून हात करतात आणि खिडकी लावून घेतात, याच्या साउंडला त्रास नको म्हणून. चांगली माणसं आहेत हो ती. त्याच्यावर जीव आहे त्यांचा. म्हणून कोणी येत नाही.

---

मासुंदाकाठ

काकूंनी साउंडला त्रास नको म्हणून खिडकी लावून घेणं. हे वाचून पोटात गोळा आला. हेच हवं होतं. येत्या रविवारी आम्ही बेलापूरला येतो, चालेल का?

---

अंगण सामायिक

या. आईला सांगून ठेवते. जेवूनच जा.

---

येऊरचा पायथा

बाकीचे मोठं मोठं बोलताहेत, मी फक्त कामाचं सांगतो. आम्ही एकदा एका शॉर्ट फिल्मच्या वेळी पोळलोय.

स्थानिक पोलीस ठाण्यात आधी लेखी पत्र द्या, तारीख, वेळ, जागा, कोणतं शस्त्र दिसणार, सगळं लिहून. पोच घ्या आणि सेटवर ठेवा. सोसायटीचं पत्र वेगळं. गेटवर आणि जिन्यात 'चित्रीकरण सुरू आहे' असा मोठा बोर्ड. आम्ही हे केलं नव्हतं. रक्ताने माखलेला आमचा नट सिगारेट आणायला टपरीवर गेला आणि पुढचे तीन तास आम्ही सगळे पोलीस ठाण्यात. माणसं चांगली होती, चहा पाजला, पण पाजण्याआधी बोलले ते मी विसरणार नाही.

सुरी रबरी. क्लोजअपलाही रबरीच. येऊरच्या जंगलात रात्री शूट करायचा मोह होईल, करू नका, राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

रक्त: लिक्विड ग्लुकोज, बेकरीचं सामान मिळतं तिथे डब्यात मिळतं. त्यात खाण्याचा लाल रंग, चमचाभर कोको पावडर आणि निळ्याचा एक थेंब. नुसता लाल घातला की ते सरबत दिसतं. कोकोने गडदपणा येतो. पांढऱ्या फरशीवर डाग राहतो, आधी प्लास्टिक अंथरा. आणि मुंग्या. दुसऱ्या टेकपर्यंत मुंग्यांची रांग लागते आणि प्रेत झालेल्या माणसाला हलता येत नाही. जो नट प्रेत होणार त्याच्याबद्दल थोडी दया ठेवा, टेक छोटे घ्या.

कृष्णधवल करणार असाल तर एवढं काही लागत नाही. हिचकॉकने १९६०च्या 'सायको'मध्ये न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगात रक्त म्हणून चॉकलेट सिरपच वापरलं होतं.

---

तिसरी घंटा

बूमवाला यांच्या सूचनेनंतर रक्त फारसं लागणारच नाही असं दिसतंय. पण मुद्दा भाषेचा राहिला, आणि मराठी मॉक्युमेंटरी बहुतेक वेळा तिथेच फसते.

आपला माणूस कॅमेरा समोर आला की घरचं मराठी बोलत नाही. तो भाषणाला उभा राहतो. 'या ठिकाणी', 'या माध्यमातून', 'मी असं म्हणेन की'. भाजीवाला असो की प्राध्यापक. हे खोटं नाही, ती आपली कॅमेऱ्यापुढची खरी भाषा आहे. तुमच्या दिग्दर्शकाला अथपासून इतिपर्यंत तिच्यात बोलू द्या. खुनाबद्दलही. "या प्रसंगाच्या माध्यमातून मला अंधाराकडे एका वेगळ्या दृष्टीने पाहता आलं." नटाने हे वाक्य हसवण्यासाठी म्हटलं की मेलं. त्याने ते पटून म्हणायचं, जसं सत्काराला उत्तर देतात तसं.

आणि मग आतून आईची हाक येते. तो वळून म्हणतो, "आई, पोळी नको गं, भातच वाढ." एका श्वासात भाषा बदलते. प्रेक्षकाला त्या क्षणी तो माणूस दिसतो, कोणाचा तरी मुलगा. ताईंची काळजी तिथे मिटेल असं मला वाटतं.

मालिकेत काम करणारा नट घेऊ नका. वाईट नसतो, पण त्याला प्रत्येक वाक्यानंतर थांबायची सवय लागलेली असते. नाटकाच्या तालमीत चहा आणणारा, पडदा ओढणारा एखादा असतो, सगळ्यांची वाक्यं पाठ असलेला. तसा शोधा. असा माणूस कॅमेऱ्याकडे आशेने बघतो.

---

खाडीपलीकडे

घंटाकाका, 'भातच वाढ' वाचून डोळ्यांत पाणी आलं. भाऊ असंच म्हणायचा.

काल त्याला हा धागा पाठवला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "कॉलशीट कोण करणार आहे? यांना एक चांगला असिस्टंट लागेल." कॉलशीट म्हणजे कोणी कधी कुठे हजर व्हायचं याचा रोजचा कागद. त्यापुढे काही नाही. पण उत्तर आलं.

---

मासुंदाकाठ

ताई, त्याला सांगा, आम्ही वाट बघतोय. पैसे थोडे आहेत, पण रोजच्या रोज देऊ आणि जेवायची सुट्टी पूर्ण एक तास असेल.

उशीर झाला, पण हकीकत सांगतो. बेलापूरला जाऊन आलो. काकूंची खिडकी मिळाली. परवा कोलशेतच्या घरी बूमवाला दादा लेपल घेऊन आले आणि आम्ही पहिल्या खुनाचा फक्त आवाज रेकॉर्ड केला. चित्र काही नाही.

आधी लिहिलं होतं तसं वाचत गेलो, झटापट, भांडं पडणं, धप्प. दादांनी ऐकलं आणि म्हणाले, हे रेडिओ नाटक झालं. जेवायला बोलावलंय ना त्याला? मग स्वयंपाकघरात काय चालू आहे? मित्राने खरोखरचा कुकर चढवला. मग तिथेच प्रसंग बदलत गेला. आई देवळात जाताना कॅमेऱ्यासमोरून जाते, मुलाला सांगते, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर. विसरू नकोस." तो 'हो गं' म्हणतो. ताई, हे वाक्य तुमच्या आईच्या डब्यावरून सुचलंय.

फायनान्सर आणि तो आत जातात. पुढे लेपलवर बोलणं, हळू आवाजात. पहिली शिट्टी. बोलणं वाढतं. दुसरी शिट्टी. फायनान्सर सिनेमाचं नाव पुन्हा चुकीचं घेतो. तिसरी शिट्टी. मग बोलणं नाही, कापडावर घासल्याचा आवाज, माइकवर हात आल्यासारखा. मग फक्त एकाच माणसाचा श्वास. बस्स, एवढंच ठेवलं. कुकर चालूच.

काल संध्याकाळी त्याच १२ जणांना बोलावलं. दिवे घालवले, स्पीकरवर लावलं. साउंडवाला पोरगा होणारा मुलगा समोर खुर्चीत हेडफोन घालून बसला, त्याच्या तोंडावर एक टेबललॅम्प. पहिल्या पानांना लोक हसले, मागच्यापेक्षा कमी, पण वेगळं हसले. तीन शिट्ट्या झाल्या. चौथी झाली तेव्हा कोणीतरी चुळबुळ केली. त्या पोराने मान वर केली, आतल्या दाराकडे बघितलं, परत खाली घातली. पाचवी शिट्टी फार लांब होती, खोलीत कोणी श्वास घेत नव्हतं, आणि अंधारातून मावशीचा आवाज आला,

"अरे, कोणीतरी उठा आणि गॅस बंद करा."

पोरगा उठला, आत गेला, गॅस बंद केला आणि परत येऊन बसला.